कार्ट्रिज सारखं चोक होतंय? मायक्रॉन बदलण्याआधी एक कापून बघा

मकरपुरा, नंदेसरी, रणोली, सावली-मंजुसर. बडोद्याच्या भोवतालच्या या पट्ट्यात आरओ (दाबाने मेंब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून, पाणी ढकलून क्षार काढणारी यंत्रणा) नसलेला कारखाना विरळाच, आणि आरओ आहे तिथे मेंब्रेनआधी गाळ अडवणाऱ्या कार्ट्रिजबद्दल ही तक्रार ठरलेली: "आरओच्या आधीची ५ मायक्रॉनची कार्ट्रिजं नवी टाकली, दोन-चार दिवस बरं चाललं, की परत डीपी एक किलोवर." (डीपी म्हणजे कार्ट्रिजच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक, किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. कार्ट्रिज चोक झालं की तो चढतो.) पुन्हा नवा सेट, पुन्हा तेच. नीट चाललेल्या प्लांटमध्ये हा सेट महिना-दोन महिने टिकायला हवा, पाणी चांगलं असेल तर तीन महिनेही. आठवड्याला एक सेट जात असेल तर कुठेतरी दोष आहे, आणि तो शोधता येतो.

पण शोधण्याऐवजी बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट होते. खरेदी खातं ५ ऐवजी १० किंवा २० मायक्रॉन मागवतं. नाहीतर पुरवठादार बदलला जातो. नाहीतर रात्रपाळीला कुणीतरी हाउसिंगमधली (कार्ट्रिजं बसवलेल्या टाकीतली) दोन-तीन कार्ट्रिजं काढून ठेवतं, सकाळपर्यंत प्लांट ओढायचा म्हणून. तिन्ही उपायांनी गेजचा काटा खाली येतो, आणि जो गाळ कार्ट्रिजवर थांबत होता तो मेंब्रेनवर जाऊन बसतो. मग सहा महिन्यांनी मेंब्रेन धुण्याचं रसायन, त्यानंतर मेंब्रेनच नवी. हा खर्च कार्ट्रिजच्या खात्यात दिसत नाही, म्हणून कुणाला बोचत नाही.

चोक झालेल्या कार्ट्रिजमध्ये काय अडकलंय आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी येतंय, एवढं कळलं तरी दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा समजतं. तो कार्ट्रिजच्या आधी असतो: फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये (उलटं पाणी सोडून धुण्यात), डोसिंगमध्ये (रसायनांची मात्रा देण्यात), टाकीत, नाहीतर पंपाच्या सक्शनला. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

डीपी खरा आहे ना?

हाउसिंगच्या आधी एक गेज आणि नंतर दुसरा, दोन्ही ० ते १० किलोचे, आणि डीपी म्हणजे या दोघांची वजाबाकी. नव्या कार्ट्रिजचा डीपी ०.१ ते ०.२ किलो असतो. दहा किलोच्या डायलवर हा फरक डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि दोन गेज एकमेकांपासून पाव किलोने सरकलेले असणं ही रोजची गोष्ट आहे. एकच गेज ठेवा, त्याला दोन्ही बाजूंकडून नळी आणा आणि थ्री-वे कॉकने आलटून पालटून वाचा. गेज खोटा असला तरी दोन्हीकडे सारखाच खोटा राहतो, वजाबाकी बरोबर येते.

दुसरं, डीपी नेहमी त्याच फ्लोला वाचायचा. १० घनमीटरला घेतलेला आकडा आणि १५ घनमीटरला घेतलेला आकडा एका रांगेत लिहिले तर त्या रांगेला अर्थ उरत नाही. लॉगशीटमध्ये डीपीच्या शेजारी फ्लोचा रकाना नसेल तर आजच आखा.

फ्लोवरून आणखी एक. १० इंच लांबीच्या ५ मायक्रॉन स्पन (तंतूंच्या थरांच्या) कार्ट्रिजमधून तासाला अर्धा ते पाऊण घनमीटर पाणी न्यावं, म्हणजे ४० इंचीमधून दोन ते तीन घनमीटर. कित्येक हाउसिंगं याच्या दीडपट-दुप्पट भारावर चालतात, कारण मूळ प्लांट लहान होता आणि पुढे आरओची एक ओळ वाढवली, हाउसिंग मात्र तेच राहिलं. तुमचं गणित असं निघालं तर बाकी काही शोधण्याआधी दुसरं हाउसिंग समांतर लावा. प्रत्येक कार्ट्रिजवरचा फ्लो निम्मा झाला की आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं. खर्च एकदाच होतो.

चोवीस तास डीपी लिहा आणि रेषेचा आकार बघा

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. पण माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. नवा सेट टाकल्यापासून दर तासाला डीपी लिहा. सोबत बॅकवॉश कधी झाला, पंप कधी बंद-चालू झाला, कोणतं पाणी चालू होतं (लाइनचं की बोअरचं), डोसिंगची टाकी कधी भरली, तेही लिहा. दोन-तीन दिवसांचे आकडे आलेख-कागदावर मांडले की रेषा बोलायला लागते.

रेषा संथ चढतेय आणि शेवटी एकदम उभी होतेय, तर ते कार्ट्रिजचं नैसर्गिक वागणं. वरच्या थरात गाळ भरत गेला की शेवटचा टप्पा झपाट्याने जातो. इथे तक्रार चढाच्या वेगाची आहे, म्हणजे येणाऱ्या पाण्यातच बारीक गाळ जास्त आहे.

रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी चढतेय, तर प्रत्येक पायरीच्या वेळेला काय घडलं ते शेजारच्या रकान्यात सापडेल. बॅकवॉश संपवून मल्टिग्रेड फिल्टर (आरओच्या आधीचा वाळूचा फिल्टर) सर्व्हिसला घेतल्यावर लगेच पायरी असेल, तर रिन्स अपुरा आहे. बॅकवॉशनंतरचं पहिलं पाणी गढूळच असतं, ते गटारात सोडायचं असतं. पाणी वाचवण्यासाठी किंवा घाईपोटी रिन्सची पाच-दहा मिनिटं दोनवर येतात आणि तो सगळा गढूळपणा थेट कार्ट्रिजवर जातो. पंप सुरू होताना पायरी असेल तर लाइनमधला गंज धक्क्याने सुटतोय. व्हॉल्व्ह हळू उघडा, आणि एमएसचा (साध्या पोलादाचा) पाइप किती जुना आहे ते बघा.

आणि रेषा ठरावीक पाळीतच चढत असेल, तर त्या पाळीतल्या माणसावर बोट ठेवण्याआधी त्या वेळचं पाणी तपासा. असं एक उदाहरण पुढे सविस्तर दिलं आहे.

कापणं

हाउसिंग उघडलं की कार्ट्रिज वाळू देऊ नका. ओलंच पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या. आधी दोन्ही टोकं बघा. सपाट गॅस्केटच्या कार्ट्रिजवर हाउसिंगच्या कडेचा गोल ठसा उमटलेला असतो. तो पूर्ण वर्तुळ हवा. एका बाजूने ठसा नसेल तर तिथून पाणी बगल देऊन जात होतं. ओ-रिंगच्या कार्ट्रिजमध्ये ओ-रिंग पिळली गेली आहे का, बसताना चिरली आहे का, ते बोट फिरवून बघा.

मग हॅक्सॉने आडवं आणि धारदार कटरने उभं कापा, म्हणजे भिंतीची जाडी समोर येते. सगळी घाण बाहेरच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये आणि आतला भाग कोरा पांढरा असेल तर मोठे कण किंवा बुळबुळीत थर पृष्ठभागावरच बसतोय. अशा वेळी भिंतीची खोली वायाच जाते. बाहेरून आत फिकट होत जाणारा रंग म्हणजे कार्ट्रिजने आपलं काम नीट केलं. आतल्या जाळीपर्यंत एकसारखा रंग आला असेल तर घाण पुढे गेलेली आहे, मेंब्रेनच्या पहिल्या एलिमेंटचं तोंड उघडून बघायला हवं. आणि कार्ट्रिज दिसायला स्वच्छ, डीपी मात्र चढलेला, असं असेल तर अंगठा फिरवून बघा. नखाला चिकट, पारदर्शक पापुद्रा लागला तर तो पॉलीचा (गाळ बसवायला घालतात त्या पॉलीइलेक्ट्रोलाइटचा) नाहीतर जिवाणूंचा आहे.

हाउसिंगच्या तळाशी काय बसलंय तेही हातात घ्या. चकचकीत, कोनदार वाळू सापडली तर फिल्टरच्या तळाचा नोझल किंवा लॅटरल (पाणी गोळा करणारी नळी) फुटलाय. कार्ट्रिजचा त्यात काही दोष नाही, फिल्टर रिकामा करून खालची जोडणी बघावीच लागेल. काळी भुकटी असेल तर कार्बन फिल्टरची.

नव्या कार्ट्रिजबद्दलही दोन गोष्टी. पेटीतली पाच कार्ट्रिजं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. एकाच लॉटमध्ये वजनाचा मोठा फरक असेल तर वेष्टनावर काहीही छापलेलं असो, आतली घनता एकसारखी नाही. आणि नुसतं "५ मायक्रॉन" लिहून ऑर्डर देऊ नका. नॉमिनल ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज किती टक्के कण अडवतं हे प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो. ॲब्सोल्यूट म्हटलं की आकडा मागता येतो: बीटा १००० म्हणजे त्या मापाच्या हजार कणांतला एकच पुढे जाणार, ९९.९ टक्के अडणार.

घाण ओळखायच्या साध्या चाचण्या

कार्ट्रिजचा बाहेरचा थर खरवडून चार छोट्या काचेच्या बाटल्यांत घ्या.

पहिल्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड. फसफसलं तर कार्बोनेट. फेस न येता पिवळं होऊन विरघळलं तर लोह. त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकल्यावर लालभडक झालं की शंका संपली. सडक्या अंड्याचा वास आला तर सल्फाइड. ही चाचणी उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, चिमूटभर नमुन्यावरच करायची. हायड्रोजन सल्फाइड जीवघेणा आहे, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका.

दुसऱ्या बाटलीत कॉस्टिक सोड्याचं द्रावण. ॲसिडमध्येही विरघळतं आणि कॉस्टिकमध्येही, असं असेल तर ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आहे, म्हणजे गाळ बसवायला घातलेली तुमचीच तुरटी. लोह कॉस्टिकमध्ये विरघळत नाही. माती दोन्हींत नाही.

तिसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. जोरात फेस आला तर जिवाणूंचा थर असण्याची शक्यता मोठी. पण काळ्या मँगनीज डायऑक्साइडमुळेही असाच फेस येतो, त्यामुळे रंग काळा असेल तर एवढ्यावर निकाल देऊ नका. थोडा नमुना वाळवून चमच्यावर जाळा. केस जळल्यासारखा वास आला की जिवाणू. वाळवलेल्या नमुन्याजवळ लोहचुंबक धरून बघा, पाइपचा गंज असेल तर काही कण ओढले जातात.

चौथी बाटली तशीच ठेवा, प्रयोगशाळेत द्यायला.

पाणी दिसायला काचेसारखं, तरी कार्ट्रिज चोक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. इथल्याच एका रंगद्रव्याच्या कारखान्यात मल्टिग्रेडनंतरचं पाणी कायम अर्ध्या एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) आत असायचं. एसडीआयही (बारीक पॅड किती लवकर बुजतो त्यावरून काढलेला गाळाचा आकडा) चांगला यायचा. तरी कार्ट्रिज आठवड्याला जायचं, आणि डीपी चढायचा तो दुसऱ्या पाळीत. साहजिकच बोट दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरकडे गेलं. दांडिया बाजारातले गृहस्थ, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "साहेब, मी काहीसुद्धा वेगळं करत नाही हो. सकाळच्यांचा डोसिंग पंपाचा स्ट्रोक जिथे असतो तिथेच माझा." म्हटलं, "काका, तुमची वही दाखवा." वहीत दर तासाचा पीएच नीट लिहिलेला होता, आणि उत्तर त्या रकान्यात होतं.

पाणी उघड्या तळ्यात साठवलेलं होतं, हिरवट झालेलं. उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि पीएच वर जातो. सकाळी साडेसातच्या आसपास असलेला पीएच दुपारी तीनला नऊच्या जवळ पोचत होता. तुरटीचं ॲल्युमिनियम पाण्यात सगळ्यात कमी विरघळतं ते पीएच ६ ते ७ च्या दरम्यान. पीएच ८.५ च्या वर गेला की त्यातलं बरंचसं ॲल्युमिनेट होऊन विरघळलेल्याच अवस्थेत राहतं. विरघळलेलं ॲल्युमिनियम मल्टिग्रेडमधून आरपार जातं. पाणी स्वच्छ दिसतं, टर्बिडिटी मीटरला काही कळत नाही. पुढे कार्बोनेटचं स्केल होऊ नये म्हणून आरओच्या आधी ॲसिडचा डोस दिला जातो, तिथे पीएच सातच्या खाली येतो, आणि तेच ॲल्युमिनियम जेलीसारखं बाहेर पडून पुढच्याच कार्ट्रिजवर बसतं. कापलेल्या कार्ट्रिजवर मोत्याच्या रंगाचा, बोटाला निसरडा थर होता. तो ॲसिडमध्येही गेला आणि कॉस्टिकमध्येही.

उपाय फार महाग नव्हता. ॲसिडचा पॉइंट उचलून तुरटीच्या आधी, फ्लॅश मिक्सरच्या (तुरटी पाण्यात झटपट मिसळणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी नेला, म्हणजे तुरटी पडते त्या वेळीच पीएच सातच्या खाली असतो आणि ॲल्युमिनियम फ्लॉकमध्ये (गाळाच्या गुठळ्यांत) अडकून मल्टिग्रेडवर थांबतं. असं करण्याआधी फिल्टरच्या आतलं रबर लायनिंग शाबूत आहे याची खात्री करा, नाहीतर ॲसिड फिल्टरलाच खाईल. तळ्यावर शेडनेट टाकली, शेवाळ कमी झालं. दुपारच्या पायऱ्या थांबल्या. ॲसिड हलवणं शक्य नसेल तर तुरटीऐवजी पॅक (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड) वापरून बघा, त्याला पीएचची मोकळीक जास्त मिळते. मात्र जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळे डोस घालून बघायची चाचणी) दुपारच्या पाण्यावर घ्या. सकाळी दहाला घेतलेल्या जार टेस्टवर दुपारचा डोस ठरवणं हीच तर मूळ गफलत होती. आरओला जाणाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा प्रयत्न असावा.

एसडीआय चांगला येत होता तो का, हेही सांगायला हवं. तो मल्टिग्रेडनंतर, ॲसिडच्या आधी मोजला जात होता. ४७ मिमी व्यासाचा, ०.४५ मायक्रॉनचा पॅड, ३० पीएसआय दाब. सुरुवातीला ५०० मिली भरायला लागलेला वेळ भागिले १५ मिनिटांनंतर ५०० मिलीला लागलेला वेळ. ते उत्तर एकातून वजा करा, १०० ने गुणा, १५ ने भागा. सुरुवातीला ३० सेकंद आणि नंतर ६० सेकंद लागले तर एसडीआय ३.३. आरओला ५ ही कमाल मर्यादा, ३ च्या आत असावा. पण तो एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. मल्टिग्रेडनंतर, सगळ्या डोसिंगनंतर आणि कार्ट्रिजनंतर, असा तीन ठिकाणी मोजा. ज्या दोन ठिकाणांच्या मध्ये आकडा बिघडतो, दोष तिथेच. वापरलेले पॅड वाळवून तारीख घालून वहीत चिकटवा. वर्षभराने पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे पॅड शेजारी ठेवून बघितले की महिसागर नदीला गढूळ पूर कधी आला तेसुद्धा रंगावरून ओळखू येतं.

पॉली आणि अँटिस्केलंट

गाळ लवकर बसावा म्हणून पॉलीइलेक्ट्रोलाइट घालतात. ते बहुधा कॅटायनिक, धन भाराचं. अँटिस्केलंट (मेंब्रेनवर क्षारांचा थर बसू न देणारं रसायन) ऋण भाराचं. पॉलीचा डोस जास्त झाला की उरलेलं पॉली पुढे येतं आणि अँटिस्केलंटला भेटून डिंकासारखा चिकटा तयार होतो. कार्ट्रिज स्वच्छ दिसतं आणि चोक असतं ते बऱ्याचदा यामुळे. काचेच्या ग्लासात दोन्ही द्रावणं एकत्र करून बघा. दुधाळ झालं किंवा तार सुटली तर ती जोडी एकत्र चालणार नाही. पॉली कमी करा, शक्य असेल तर बंदच करून बघा. पावसाळ्यात हात सैल सोडून पॉली ओतायची सवय फार वाईट.

तपकिरी कार्ट्रिज

बोअरचं पाणी वर येताना स्वच्छ असतं, कारण लोह फेरस रूपात विरघळलेलं असतं. हवा किंवा क्लोरीन लागलं की ते फेरिक होऊन लाल पडतं. ते मल्टिग्रेडच्या आधी पडायला हवं. क्लोरीन दिल्यानंतर पुरेसा वेळच मिळाला नाही तर ते फिल्टरनंतर, नेमकं कार्ट्रिजवर पडतं. क्लोरीननंतर टाकीत निदान वीस-तीस मिनिटं पाणी थांबतंय का बघा. क्लोरीन न देताही लाल पडत असेल तर पंपाच्या सक्शनला हवा ओढली जातेय. ग्लँडवर (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलवर) साबणाचं पाणी लावा. फेस आत खेचला गेला की जागा सापडली.

मल्टिग्रेडचा बॅकवॉश खरोखर होतो का?

१.२ मीटर व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. तासाला १५ घनमीटर पाणी त्यातून गेलं तर वेग साधारण १३ मीटर प्रतितास, सर्व्हिसला ठीक. वाळू उचलून फुलवायला बॅकवॉशला वेग लागतो ४० मीटरच्या आसपास, म्हणजे तासाला ४५ घनमीटर. आता बघा, बॅकवॉशला तुमच्याकडे वेगळा पंप आहे का? कित्येक प्लांटमध्ये तोच १५-२० घनमीटरचा फीड पंप फिरवून वापरतात. त्याने वाळू जागची हलतसुद्धा नाही. वरच्या थरातलं पाणी गढूळ होऊन बाहेर येतं, ऑपरेटरला वाटतं फिल्टर धुतला गेला, आणि आत चिखलाचे गोळे वाढत जातात. त्यातून पाण्याने वाटा काढल्या की निम्मा फिल्टर बिनकामाचा होतो.

उन्हाळ्यात पाणी पातळ होतं, म्हणजे त्याची श्यानता घटते, त्यामुळे तीच वाळू तितकीच फुलवायला हिवाळ्यापेक्षा जास्त फ्लो लागतो. मे महिन्यात कार्ट्रिजच्या तक्रारी वाढण्याचं हेही एक कारण. ब्लोअरची सोय असेल तर आधी हवा, मग पाणी. नसेल तर वर्षातून एकदा मॅनहोल उघडून वाळूत हात घालून गोळे लागतात का ते चाचपा.

बुळबुळीत थर आणि एसएमबीएसची जागा

क्लोरीन मेंब्रेनला चालत नाही म्हणून एसएमबीएस (सोडियम मेटाबायसल्फाइट) देऊन ते मारतात. हा डोस हाउसिंगच्या बराच आधी दिला तर तिथून पुढे पाण्याला संरक्षण उरत नाही. इथल्या उन्हाळ्यात ३५ अंशांचं पाणी, त्यात शनिवार-रविवार प्लांट बंद. सोमवारी डीपी चढलेला मिळतो. एसएमबीएस हाउसिंगच्या नंतर द्या, म्हणजे क्लोरीन कार्ट्रिजपर्यंत पोचेल. पण पुढे स्टॅटिक मिक्सर आणि ओआरपी मीटर (क्लोरीन उरलंय का ते दाखवणारा) असल्याशिवाय हे करू नका. क्लोरीन मेंब्रेनपर्यंत गेलं तर कार्ट्रिज वाचवण्याच्या नादात मेंब्रेन जाईल. एक मिलिग्रॅम क्लोरीनला हिशेबाने १.३४ मिलिग्रॅम एसएमबीएस लागतं, प्रत्यक्षात तीनच्या आसपास देतात. त्याहून बरंच जास्त ओतलं तर जिवाणूंचं आयतंच फावतं.

तेलक्षेत्राच्या पाण्यात

खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. बडोद्यातल्या मराठी घरांतून तेव्हापासून कितीतरी जण या कामाला गेले, त्यामुळे हा भाग वाचणारेही असतील. तेलाबरोबर वर येणारं पाणी गाळून पुन्हा जमिनीत सोडतात तिथेही कार्ट्रिज असंच चोक होतं, पण कारणं थोडी वेगळी.

स्पन पॉलिप्रॉपिलीन तेल धरून ठेवतं. पाण्यात तेलाचे थोडे थेंब जरी आले तरी तंतूंवर तेलाचं अस्तर चढतं आणि गाळाचं वजन फारसं नसताना डीपी चढतो. कापलेला तुकडा टिपकागदावर दाबा, वाळल्यावर तेलकट कडं राहिलं तर दोष आधीच्या अक्रोडाच्या टरफलांच्या फिल्टरचा. ते टरफल तेल पकडतं आणि घुसळलं की सोडतं. बॅकवॉशमधलं घुसळणं अपुरं झालं की तेल पुढे येतं.

काळा, ग्रीससारखा थर म्हणजे लोहाचं सल्फाइड. सल्फेट खाणारे जिवाणू आणि पाइपचं गंजणं, दोन्ही मिळून ते बनतं. इथे एक इशारा मनापासून देतो: असं कार्ट्रिज कोरडं होऊ देऊ नका, कचऱ्याच्या ड्रममध्ये कागद-चिंध्यांबरोबर तर मुळीच टाकू नका. वाळलेलं लोहाचं सल्फाइड हवेतल्या ऑक्सिजनने तापून आपोआप पेट घेऊ शकतं. ओलं ठेवा, झाकण लावा, वेगळं ठेवा. आणि हाउसिंग उघडताना गॅस डिटेक्टर अंगावर असू द्या.

किती बारीक गाळायचं हे इथे खडकावर ठरतं. ढोबळ नियम असा: खडकाच्या छिद्रांच्या गळ्याचा जो व्यास असेल त्याच्या एक-तृतीयांशाहून मोठे कण तोंडाशीच पूल बांधून अडतात, एक-सप्तमांशाहून बारीक असतात ते निघून जातात, आणि मधल्या मापाचे आत शिरून छिद्रं कायमची बुजवतात. गळा १५ मायक्रॉनचा असेल तर धोका २ ते ५ मायक्रॉनच्या कणांचा. तिथे नॉमिनल ५ मायक्रॉन लावून समाधान मानणं म्हणजे नेमके घातक कण आत सोडणं.

समुद्राच्या पाण्यात

दहेजच्या बाजूला, खंभातच्या आखातात, भरती-ओहोटीचा जोर एवढा की पाणी बाराही महिने गढूळ. तिथे कार्ट्रिजवर काही सोपवताच येत नाही, सगळी भिस्त आधीच्या निवळण्यावर आणि यूएफवर (अल्ट्राफिल्ट्रेशनवर). शेवाळाचा हंगाम आला की आणखी कठीण. २००८-०९ मध्ये आखाती देशांच्या किनाऱ्यावर लाल शेवाळ आलं तेव्हा तिथले निर्क्षारीकरणाचे कित्येक प्लांट बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा मोह होतो, पण त्याने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतला चिकट पदार्थ पाण्यात मिसळून कार्ट्रिजं आणखी लवकर जातात. पेशी अख्ख्या असतानाच तरंगवून काढणं, म्हणजे डीएएफ, हा बरा मार्ग.

दोष काढल्यावर पुन्हा चालू करताना

जुना सेट काढा, हाउसिंग आतून ब्रशने घासा, तळाचा गाळ ड्रेनमधून पूर्ण काढा. नवी कार्ट्रिजं बसवल्यावर पहिलं पाणी दहा मिनिटं गटारात सोडा, आरओला देऊ नका. हवा काढायचा कॉक उघडून हवा पूर्ण जाऊ द्या. अडकलेली हवा असेल तर वरची कार्ट्रिजं कामच करत नाहीत. मग पूर्ण फ्लोला डीपी वाचा आणि तारखेसह हाउसिंगवरच मार्करने लिहा. पुढचे सगळे आकडे या आकड्याशी ताडायचे. एक किलोला सेट बदला. दोन-अडीच किलोपर्यंत ओढाल तर कार्ट्रिज आत चेपतं आणि महिनाभर अडवलेली घाण एका झटक्यात पुढे सोडतं. बदललेल्या सेटमधलं एक कार्ट्रिज दर वेळी कापा, फोटो काढा, वहीला लावा. पुढच्या वेळी डीपी अवेळी चढला तर पहिल्यांदा तो फोटो उघडा, खरेदीचा फॉर्म नंतर.